टायरवर लावलेलं कलम

टायर फुटला की माणूस आधी देवाचं नाव घेतो, मग ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचं, आणि सगळ्यात शेवटी त्याला माझी आठवण होते. निदान धुळ्यात, आग्रा रोडवर, साठ-सत्तरच्या दशकांत तरी असंच होतं. शेठजींच्या टायरच्या दुकानात मागच्या बाजूला, ट्यूबांच्या वेटोळ्यांआड एक टेबल होतं. टेबलावर छापील फॉर्मांचा गठ्ठा, कार्बन पेपर, खडू, आणि टेबलामागे मी. हुद्दा 'क्लेम क्लार्क'. नवा टायर कारखान्याच्या दोषामुळे लवकर गेला असेल, तर कंपनीकडे दावा दाखल करायचा आणि गिऱ्हाइकाला तो बदलून मिळवून द्यायचा, हे माझं काम. आता निवृत्त होऊन जळगावात मुलाकडे राहतो. नातवंडं विचारतात, "आजोबा, तुम्ही टायर विकायचात?" मी सांगतो, "नाही रे, परत घ्यायचो." त्यांना हा धंदा तोट्याचा वाटतो आणि ती पुढे काही विचारत नाहीत.

हुद्दा इंग्रजी होता, गिऱ्हाईक खानदेशी. त्यामुळे 'क्लेम' हा शब्द धुळ्याची वेस ओलांडायच्या आत 'कलम' होऊन गेला. लोक दुकानात शिरत आणि म्हणत, "भाऊ, टायरवर कलम लावनं शे." आता कलम लावायची जागा खेड्यातल्या माणसाला एकच ठाऊक. एक केळीवाले बागायतदार आपला फुटका टायर घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेले होते. जमादारानं बराच वेळ टायरकडे बघून विचारलं, "आरोपी कोण?" मग कोणीतरी त्यांना माझ्याकडे धाडलं. त्यात भर म्हणजे टायर तपासायला महिन्यातून एकदा मुंबईहून कंपनीचा जो माणूस यायचा, त्याचा हुद्दा 'इन्स्पेक्टर'. "अमुक तारखेला इन्स्पेक्टरसाहेबांसमोर टायर ठेवू" असं मी म्हटलं की लोक दोन साक्षीदार घेऊन हजर. एकानं तर टायर फुटला त्या जागेची माती पुडीत बांधून आणली होती. ती पुडी बरेच दिवस माझ्या खणात होती. पुरावा टाकून द्यायला मन होईना.

या धंद्यातली विद्या थोडक्यात सांगतो. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत दोऱ्यांच्या कापडाचे थर असतात, थरांवर जाड रबर आणि रबरावर नक्षी. थर एकमेकांपासून सुटले की मध्ये हवा शिरते, बाहेर फुगा येतो आणि तो एक दिवस फुटतो. हा झाला कारखान्याचा दोष. पण हवा कमी ठेवून गाडी पळवली, ओझं जास्त भरलं, दगडावर आपटली, तरीही टायर फुटतोच. तो मालकाचा दोष. फुटल्यावर दोन्ही टायर सारखेच केविलवाणे दिसतात. कोणता कशानं गेला हे ओळखणं हीच खरी गोम. आणि कलम मंजूर झालं तरी नवा टायर फुकट मिळत नसे. नक्षी जेवढी झिजली असेल तेवढ्याचा भार मालकानं उचलायचा, हा नियम समजावून सांगताना माझा निम्मा जन्म गेला.

फॉर्मवर तेरा रकाने होते. त्यांतला सगळ्यात घातकी रकाना ओझ्याचा. गाडीत माणसं किती होती, हा प्रश्न म्हणजे आमच्याकडच्या माणसाला बढाईचं आमंत्रण. "बठ्ठं वऱ्हाड बशेल व्हतं भाऊ," एक टॅक्सीवाला खुशीत येऊन सांगू लागला. "नऊ जन मांगे, चार जन पुढे, आनि नवरदेव डिकीवर."

मी पेन खाली ठेवलं. "हेच इन्स्पेक्टरसाहेबांना सांगणार का?"

"मंग? खोटं सांगसू का?"

त्याचा टायर अर्थातच नामंजूर झाला. पण आपली अँबॅसिडर चौदा माणसं ओढते ही गोष्ट मुंबईच्या हेड ऑफिसात लेखी पोचली, याचं समाधान घेऊन तो गेला. माझ्या अक्षराचं त्यानं कौतुकही केलं.

अक्षर माझं खरोखरच चांगलं होतं. फॉर्मवर मी कधी खाडाखोड केली नाही, आणि कधी खोटी ओळ लिहिली नाही. गिऱ्हाईक कितीही जवळचं असो, जे घडलं तेच लिहायचं, हा माझा हट्ट होता. शेठजी मला 'हरिश्चंद्र' म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत असं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट ऐकल्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

शिरपूरकडच्या एका खेड्यातले लोटन आबा एसटीच्या टपावर टायर टाकून आमच्याकडे आले, तेव्हा उन्हाळा सरत आला होता. अंगानं किरकोळ, टोपी कडक, वय साठीच्या आसपास. टायरचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. मी टायर उभा करून फिरवला आणि थांबलो. बाजूच्या रबरावर जळक्या, ओबडधोबड अक्षरांत काही लिहिलेलं होतं. वाचलं तर, 'चि. प्रल्हाद यांस सप्रेम भेट'. आणखी फिरवला तर पुढे, 'लोटन झुलाल यांजकडून'. टायरमध्ये मी खिळे पाहिले होते, काचा पाहिल्या होत्या, एकदा विंचूही निघाला होता. प्रेम पहिल्यांदाच पाहत होतो.

हकीकत अशी की प्रल्हाद हा आबांचा जावई, त्यांच्या सुमनचा नवरा. घर पारोळ्याला, टॅक्सी धुळे ते जळगाव. तेव्हा टायरांची फार टंचाई होती. जावयाला भांडीकुंडी देण्यापेक्षा गाडीला टायर द्यावेत, असा व्यवहारी विचार करून आबांनी लग्नात नव्या टायरांची जोडी दिली होती, तीही आमच्याच दुकानातून नेलेली. आणि लग्नाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरतात, तसं टायरवरही कोरायला हवं म्हणून ते भांडी कोरणाऱ्याकडे गेले. त्याची छिन्नी रबरावरून उडून त्याच्याच अंगठ्यावर बसली. शेवटी लोहारानं तापलेल्या सळईनं हे काम केलं.

"आबा, टायरवर कोणी नाव टाकतं का?"

"भांडास्वर टाकतस, मंग टायरवर काबर नही?" आबा म्हणाले. "नाव नही टाकं ते कोनी दिधं हाई कसं समजी?"

मी फॉर्मच्या तेरा रकान्यांवरून बोट फिरवलं; देणाऱ्याच्या नावाचा रकाना नव्हता.

जोडीतला हा टायर दीड-दोन महिन्यांत फुगला आणि पारोळ्याच्या अलीकडे फुटला. कोणाला लागलं नाही. पण फुटल्याचा आवाज सासरच्या घरात जास्त झाला. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून, वरून काळं पॉलिश फासून तो नवा म्हणून खपवणारे महाभाग तेव्हा होतेच. प्रल्हादच्या आईनं ठरवून टाकलं की आबांनी तसलाच टायर गळ्यात मारला.

"इहीनबाई म्हनस, जुना टायर काया करीसन दिधा," आबा सांगू लागले आणि त्यांचा आवाज खाली आला. "आखाजीले गावन्या बठ्ठ्या पोरी माहेरले उन्यात. मनी सुमन उनी नही. धाडतच नहीत. म्हंतस, पह्यले तुना बापले खरं सांगू दे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशीण माहेरी येते, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या दिवशी पोर आली नाही म्हणजे काय, हे खानदेशात वेगळं सांगावं लागत नाही. मी दुकानाची पावती दाखवायला सुचवलं. ती दाखवून झाली होती. पावती नव्या टायरची असेल, पण गाडीला लावला तो हाच कशावरून, असं विहीणबाईंचं म्हणणं. बाई माझ्या जागी असती तर कंपनीचं भलं झालं असतं.

"मले टायर नको भाऊ, मले कागद पाहिजे," आबा म्हणाले. "टायर नवा व्हता आनि खोट कंपनीनी व्हती, इतलं कंपनीले लिखी देनं पडी."

मी फॉर्म भरला. ओझ्याच्या रकान्यात प्रल्हादनं कळवलेली चार माणसं लिहिली. चौदावा माणूस डिकीवर नव्हता, ही देवाची कृपा.

कंपनीचे इन्स्पेक्टर अय्यरसाहेब चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला यायचे. सरळ माणूस, पण बोलणं कमी. त्यांच्या हिंदीत टायर स्त्रीलिंगी होता. मागच्या शेडमध्ये ओळीनं लावलेल्या टायरांत ते हात घालून आतून चाचपत, टॉर्च मारत, नक्षीची खोली मोजत, आणि खडूनं मंजूर असेल तर बरोबरची खूण, नामंजूर असेल तर फुली मारून पुढे सरकत. कारण कोणाला सांगत नसत. आबा सकाळपासून भाकरी बांधून आणून आपल्या टायरशेजारी बसले होते. साहेब तिथे आले, अक्षरं बघितली, मला त्यांचा अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ये टायर तो जली हुई है," म्हणाले, आणि फुली मारली.

इतक्या वर्षांत साहेबांच्या फुलीला मी कधी आडवा गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. म्हटलं, "साहेब, अक्षरं या बाजूला आहेत आणि फुटलाय त्या बाजूला. कापून बघू." साहेब म्हणाले, मालकाची हरकत नसेल तर कापा. नामंजूर टायर एरवी कापत नसत. निदान ठिगळ मारून बैलगाडीला तरी तो चाले.

मी आबांना समजावलं. त्यांनी विचारलं, "कापीसन काहीच नही निघनं तर?"

"तर टायरही गेला आणि कलमही गेलं."

आबांनी अक्षरांवरून हात फिरवला. "कापा," म्हणाले. "नाव तेवढं सोडीसन कापा."

रबर कापायची सुरी पाण्यात बुडवून चालवतात, कोरडी सुरी अडते. आमचा फिटर कापत गेला, थर उलगडत गेले, आणि फुटल्या जागेपासून वीतभर अंतरावर दोन थरांच्या मध्ये बोटाएवढी कापडाची चिंधी निघाली. कारखान्यात कच्चे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड घालून ठेवतात आणि टायर बांधताना ते काढून घेतात. त्यातला तुकडा फाटून आत राहिला होता. तिथे रबर रबराला धरलंच नव्हतं. साहेबांनी ती चिंधी चिमटीत धरून उजेडात बघितली. मग खिशातला रुमाल काढून खडूची फुली स्वतः पुसली. "कारखान्याचीच चूक," असं ते माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाले आणि चिंधी पाकिटात घातली.

"साहेब, हाई लिखी द्या," आबा हात जोडून म्हणाले. मुंबईहून पत्र येईल, असं साहेबांनी सांगितलं.

मुंबईची पत्रं कशी असतात हे मला चांगलं ठाऊक होतं. आबांना तेव्हाच सावध करायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसलो, आणि ही माझी चूक मी आजही मान्य करतो.

महिन्याभरानं नवा टायर आला आणि पत्रही आलं. त्यात कंपनीनं इंग्रजीत लिहिलं होतं की टायर काळजीपूर्वक तपासला, त्यात कारखान्याचा दोष असल्याचं आम्ही मान्य करत नाही, तथापि ग्राहकाशी असलेले सलोख्याचे संबंध लक्षात घेऊन तो बदलून देत आहोत. शेवटी मोठ्या अक्षरांत, 'विदाउट प्रेज्युडिस'. ऑफिसच्या भाषेत याचा अर्थ असा, की देतोय म्हणून उद्या कोर्टात आमच्या अंगावर येऊ नका. चिंधीचा उल्लेखच नव्हता. हे पत्र पारोळ्यात वाचलं गेलं तर आबांवरचा आळ पक्का होणार होता, कंपनीच्या शिक्क्यासकट.

आबा आले ते न्यायलाच. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी पत्राचा कागद बोटांनी चाचपला, शिक्का बघितला आणि खूश झाले. "भाऊ, तुम्हीच चला नि वाची दखाडा. मनावर कोन इस्वास ठेवी?" मी शेठजींकडे बघितलं. शेठजी म्हणाले, "टायर पोचवून या." त्यांना वाटलं, मी टायरच्या काळजीत आहे.

रविवारी आम्ही पारोळ्याला पोचलो. प्रल्हादच्या वडिलांना सगळे जिभाऊ म्हणत. ते ओट्यावर बसले होते, शेजारी प्रल्हाद, दाराशी त्याची आई, चार-सहा शेजारी. कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की आज कलमाचा निकाल आहे. मला खुर्ची दिली. आबांना कोणी वर बोलावलं नाही. ते नवा टायर पायरीला टेकवून खालच्या पायरीवर बसले. आतल्या दारात सुमन उभी होती. नुसती बघत होती.

मी पत्र उघडलं. खरं वाचावं तर बाप खोटा ठरतो, आणि खोटं वाचावं तर मी. मघापासून बसमध्ये याचाच विचार चालला होता, तरी निर्णय झाला नव्हता. आबांच्या टोपीकडे बघितलं आणि झाला.

"टायर नवा कोरा होता," मी वाचलं. असं पत्रात कुठेही नव्हतं. "आमच्या कारखान्यात कापडाची चिंधी आत राहिली, त्यामुळे तो फुटला." हे खरं होतं, पण पत्रात नव्हतं. "देणाऱ्याचा यात तिळमात्र दोष नाही." इथे मी जरा वाहवत गेलो. शेवटी 'कळावे, लोभ असावा' असंही म्हणणार होतो, पण मुंबईची कंपनी लोभ असावा म्हणेल का, अशी शंका आली म्हणून थांबलो.

 मग प्रल्हादची आई पुढे आली आणि कागदाकडे बघत म्हणाली, "इतलासा कागदमा इतलं बठ्ठं लिखेल शे?"

मी म्हटलं, "इंग्रजी आटोपशीर असतं, अक्का."

"आमनी सून मॅट्रिक शे," जिभाऊ शांतपणे म्हणाले. "सुमन, तू वाच."

 टायरचा नंबर तोंडपाठ सांगणाऱ्या आबांनी पोरगी मॅट्रिक आहे हे मला सांगितलंच नव्हतं. सुमननं पुढे येऊन कागद घेतला. ती मनाशी वाचू लागली, ओठ हलत होते. एका जागी ती थांबली, वर बघून माझ्याकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या बापाकडे. आबा तिच्याकडे बघून हसले. त्या माणसाला वाटत होतं, पोर आपल्याच खरेपणाचा कागद वाचते आहे. सुमननं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मी आजवर कितीतरी टायर तपासताना साहेबांच्या खडूकडे डोळे लावून उभा राहिलोय, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

"भाऊनी बराबर वाचं," ती म्हणाली.

सासूबाईंनी पत्राच्या शेवटी बोट ठेवलं. "आनि हाई मोठं मोठं काय लिखेल शे?"

सुमननं कागद डोळ्यांजवळ नेला. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मनमा काहीच आढी नही ठेवता टायर लेवा, असं लिखेल शे."

'प्रेज्युडिस' शब्दकोशात काढून बघा, एका अक्षराची चूक सापडणार नाही. माझी वीस वर्षांची नोकरी त्या इंग्रजी शब्दांत गेली, आणि त्यांचा असा अर्थ होतो हे मला सुचलं नव्हतं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. टायरकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि मुलावर खेकसल्या, "आबास्ले वर बसाड ना. काय पायरीवर बसाडं त्यास्ले." मग आत जाता जाता, कोणाकडेच न बघता, "तिनी आखाजी राही गयी. आठ दिन धाडी देवा."

चहा झाला, सुमनची पिशवी भरून झाली. आम्ही तिघं एसटी स्टँडवर आलो. आबा तिकिटाच्या खिडकीकडे गेले, तेवढ्यात मी सुमनला हळूच म्हटलं, "पोरी, ते पत्र दे. दुकानाच्या फायलीला लावावं लागतं." माझा हरिश्चंद्र एवढ्या गडबडीतही जागा होता.

तिनं पिशवी जवळ ओढली. "नही भाऊ. तुमनी फाईल तर कोनी भी उघाडस." आणि मग म्हणाली, "घर भी ठेवता येत नही. मनी ननद पुढला वरीसले इंग्रजी शिकाले लागी. माहेरले ठेवसू, तठे कोनले इंग्रजी येत नही."

आबा तिकिटं घेऊन आले आणि विचारलं, काय बोलत होतात? काही नाही म्हटलं. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात फाईल उघडली आणि पत्राच्या जागी एक कोरा कागद लावून त्यावर माझ्या चांगल्या अक्षरात, खाडाखोड न करता लिहिलं: मूळ पत्र ग्राहकाच्या मुलीने ठेवून घेतले आहे. कारण योग्य आहे.